तबकडी उलटली की वाजवणारे बदलतात: ‘मास इन एफ मायनर’चं प्रकरण

ही तबकडी जुन्या पद्धतीनं ऐकावी, मध्येच उठून उलटी करावी लागते तशी. पहिल्या बाजूला तीन गाणी: कीरिये, ग्लोरिया, क्रेडो. दुसऱ्या बाजूला तीन: सांक्तुस, बेनेदिक्तुस, आन्युस देई. सगळं मिळून जेमतेम सव्वीस मिनिटं. वेष्टनावर नाव एकाच बँडचं, ‘द इलेक्ट्रिक प्रून्स’. पण तो बँड ज्या पोरांचा होता त्यांचं वाजवणं खऱ्या अर्थानं पहिल्या बाजूलाच ऐकू येतं. तबकडी उलटली की वाद्यं बरीचशी दुसऱ्यांच्या हातात गेलेली असतात.

जानेवारी 1968 मध्ये अमेरिकेत निघालेली ही ध्वनिमुद्रिका. कॅथलिक मिस्सेचे (इंग्रजीत ‘मास’, चर्चमधली मुख्य उपासना) लॅटिन आणि ग्रीक शब्द, त्याला फझ लावलेली, म्हणजे मुद्दाम आवाज फाडलेली गिटार, खाली तार वाद्यं आणि हॉर्न, म्हणजे फुंकून वाजवायची पितळी वाद्यं. सायकेडेलिक, म्हणजे नशेत किंवा स्वप्नात असल्यासारखं वाटायला लावणाऱ्या संगीताच्या चाहत्यांमध्ये तिची गोष्ट साधारण अशी सांगितली जाते: एका बेफाम रॉक बँडवर कुणीतरी देवाचं ओझं टाकलं आणि बँड मोडला. कुणी याला धर्म विरुद्ध रॉक म्हणतं, कुणी कलाकार विरुद्ध कंपनी. मला दोन्ही पटत नाही. मी वसईच्या एका चर्चच्या क्वायरमध्ये, म्हणजे गायकवृंदात, बरीच वर्षं टेनर (पुरुषांचा वरचा आवाज) गायलो, आणि नोटेशन अडखळत वाचणाऱ्यांच्या रांगेत उभा राहून गायलो. मला हे प्रकरण तालमीच्या खोलीतलं वाटतं. एक लिहिणारा, एक वाचणारा, बाकीचे कानानं वाजवणारे, आणि भिंतीवर घड्याळ.

बँड आणि त्याची विद्या

लॉस एंजेलिसच्या सॅन फर्नांडो व्हॅलीतली ही पोरं. गाणारा जेम्स लोव, बेसवर मार्क टुलिन, लीड गिटारवर केन विल्यम्स, दुसरी गिटार जेम्स स्पॅन्योला ऊर्फ ‘वीझल’ची, ड्रमवर आधी क्विंट, मग प्रेस्टन रिटर, मग पुन्हा क्विंट. प्रून म्हणजे सुकवलेलं आलुबुखार. विजेवर चालणारं आलुबुखार हे नाव एकदा ऐकलेला माणूस विसरत नाही, आणि पुढे हे नावच सगळ्यांत महागाची वस्तू ठरलं.

त्यांना उचललं डेव्ह हॅसिंजरनं. हा मूळचा ध्वनिमुद्रक. हॉलिवूडच्या आरसीए स्टुडिओत त्यानं रोलिंग स्टोन्सचं काम केलेलं. त्याला आता निर्माता व्हायचं होतं, आणि हाताशी नवखी पोरं होती. नोव्हेंबर 1966 मध्ये त्यांचं ‘आय हॅड टू मच टू ड्रीम’ आलं आणि बिलबोर्डच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत 11 व्या क्रमांकापर्यंत चढलं. गाणं त्यांचं नव्हतं; अ‍ॅनेट टकर आणि नॅन्सी मँट्झ या दोघींनी लिहिलेलं. पण त्याच्या सुरुवातीला जो भुंग्यासारखा गुणगुणत, थरथरत मोठा होत जाणारा आवाज आहे तो सर्वस्वी त्यांचा. त्याची जन्मकथा अशी: ते लिऑन रसेल या संगीतकाराच्या घरी चार ट्रॅकच्या यंत्रावर मुद्रण करत होते. टेप संपली की ती उलटी करून पुन्हा वापरायची, असा काटकसरीचा कारभार. एकदा उलटी टेप चुकून मोठ्या आवाजात वाजली आणि विल्यम्सची गिटार पाठीमागून पुढे येताना ऐकू आली. लोवला ते आवडलं, त्यानं ते कापून ठेवलं, आणि तेच गाण्याचं तोंड झालं.

हा बँड काय करू शकत होता ते या एका प्रसंगातून कळतं. ऐकायचं, चुकायचं, चुकीतून काही चमकलं तर पकडायचं, त्याच्याभोवती गाणं उभं करायचं. व्हॉक्स कंपनीनं वा-वा पेडलच्या (पायानं दाबून गिटारचा आवाज ‘वा-वा’ असा वळवायचं यंत्र) जाहिरातीसाठी यांनाच घेतलं, ते उगाच नाही. आवाजाशी खेळणं ही त्यांची विद्या होती, आणि तिचा कागदाशी काही संबंध नव्हता.

दुसरं गाजलेलं गाणं 27 वर थांबलं. पहिली मोठी तबकडी 113 वर. ऑगस्ट 1967 मध्ये ‘अंडरग्राउंड’ आली. तीत त्यांची स्वतःची गाणी पुष्कळ होती, आज जाणकार तिला त्यांचं सर्वोत्तम काम मानतात, आणि ती 172 वर आपटली. कंपनीच्या खोलीत या आकड्यांचा अर्थ कसा लावला गेला असेल याचा अंदाज बांधायला फार बुद्धी लागत नाही.

कागद येतो

मॅनेजर लेनी पाँचर बँडचंही काम पाहायचा आणि डेव्हिड अ‍ॅक्सेलरॉडचंही. दोन्ही दोऱ्या एकाच हातात. अ‍ॅक्सेलरॉड कॅपिटॉल कंपनीत निर्माता होता. गायक लू रॉल्स आणि जॅझचा सॅक्सोफोनवादक कॅननबॉल अ‍ॅडर्ली यांच्या यशस्वी ध्वनिमुद्रिका त्याच्या नावावर. जॅझ आणि आर अँड बी (‘रिदम अँड ब्लूज’) यांत मुरलेला, ठोस बेस आणि ठोस ड्रम यांच्यावर तार वाद्यांचा मांडव घालणारा माणूस. कल्पना निघाली की रॉक बँडनं पूर्ण मिस्सा गायची. रचना आणि मांडणी अ‍ॅक्सेलरॉडची, निर्मिती हॅसिंजरची, नाव प्रून्सचं.

मिस्सेचं संगीत म्हणजे काय, हे ज्यांचा चर्चशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रविवारागणिक मिस्सेतल्या काही प्रार्थना बदलतात आणि काही कायम राहतात. कायम राहणाऱ्यांना गेली कित्येक शतकं संगीतकार चाली लावत आले आहेत: दया कर ही विनवणी, देवाचा गौरव, श्रद्धेचा अंगीकार, पवित्र पवित्र हा घोष, आणि देवाच्या कोकराला केलेली आळवणी. यांतली पहिली, कीरिये एलेइसोन, लॅटिन नसून ग्रीक आहे, आणि जुन्या रिवाजात ती तीन-तीन-तीन अशी नऊ वेळा म्हणत. हा साचा पक्का ठरलेला असतो. शब्द बदलायचे नसतात, क्रम बदलायचा नसतो. संगीतकाराची कमाल दाखवायची ती याच्या आत. आपल्याकडे बंदिशीचे बोल ठरलेले असतात आणि गवई त्यात आपलं काय ते करतो, तसंच काहीसं. फरक एवढाच की इथे तेही लिहून दिलेलं असतं.

आता या कागदावरच्या सुराकडे पाहू. एफ मायनर. आपल्या पेटीच्या भाषेत पांढरी चार, आणि स्वर आसावरी थाटाचे: गंधार, धैवत, निषाद कोमल. पेटीवाल्याला यात काही वाटणार नाही. गिटारवाल्याला विचारा. गिटारच्या सहा मोकळ्या तारा ई, ए, डी, जी, बी आणि पुन्हा ई अशा लावलेल्या असतात. एफ मायनरच्या सात स्वरांत यांतली एकच तार बसते, जी. बाकी पाचही मोकळ्या तारा बेसूर. म्हणजे हात सतत दाबून, आडवं बोट टाकून वाजवायचं. तीच चाल अर्धा स्वर खाली, ई मायनरमध्ये घ्या. सहाच्या सहा मोकळ्या तारा सुरात येतात. रॉकची पोरं ई मध्ये रमतात याचं कारण आळस नाही, लाकूड आणि तारांची ठेवण आहे. अ‍ॅक्सेलरॉडला हे ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण त्यानं ज्या वादकांसोबत आयुष्य काढलं होतं त्यांना कोणताही सूर पुढ्यात टाकला तरी फरक पडत नव्हता. सवयीनं लिहिणारा माणूस आपल्या ओळखीच्या हातांसाठी लिहितो.

आणि मुख्य अडचण सुराचीही नव्हती. बँडमध्ये लिहिलेलं संगीत नीट वाचता येणारा होता एकटा टुलिन. बाकीच्यांच्या पुढ्यात कागद म्हणजे नुसता कागद.

तीन गाण्यांवर गाडी अडली

सांगून टाकतो की पहिल्या बाजूची तीन गाणी मला आवडतात. कीरियेत लोवचा आवाज एकावर एक थर देऊन मुद्रित केलाय; एकच माणूस, पण मठातल्या संन्याशांची रांग गाते आहे असं वाटतं. त्याखाली टुलिनचा बेस धीम्या चालीनं फिरतो, आणि वर विल्यम्सची गिटार मधूनच फाटल्यासारखी कळवळते. ती कळवळ कागदावर लिहिता येत नाही. ग्लोरिया आणि क्रेडोमध्ये लांबच लांब गिटार वाजत राहते, काही ठिकाणी उगाचच. पण तिच्यात धोका आहे, पुढच्या क्षणी काय होईल ते सांगता येत नाही. दोन विद्या एकमेकींना घासतात तेव्हा ठिणगी पडते, ती इथे पडलेली आहे.

पण ठिणगीला वेळ लागत होता. कानानं वाजवणाऱ्याला आधी ऐकायला मिळालं पाहिजे, मग तो हातात बसवतो, मग त्यात स्वतःचं टाकतो. लिहिलेल्या संगीताच्या जगात घड्याळ वेगळं चालतं. अमेरिकेतल्या वादक संघटनेच्या नियमानं स्टुडिओतली एक पाळी तीन तासांची. व्यावसायिक वादक येतो, कागद उघडतो, वाजवतो, पैसे घेऊन जातो. अ‍ॅक्सेलरॉड आणि हॅसिंजर दोघेही या दुसऱ्या घड्याळावर वाढलेले. बँडला फार वेळ लागतोय हे त्यांच्या लक्षात आलं, आणि तीन गाण्यांनंतर त्यांनी काम पुढे रेटायला बाहेरची माणसं आणली.

ती माणसं म्हणजे कॅनडातल्या व्हॅन्कुव्हरचा ‘द कलेक्टर्स’ हा बँड. हाही हॅसिंजरच्याच हाताखालचा. त्यांची पहिली तबकडीही त्यानंच केली. पुढे यांतलेच काही जण ‘चिलीवॅक’ या नावानं कॅनडात खूप गाजले. दुसऱ्या बाजूची तीन गाणी त्यांच्या आणि स्टुडिओतल्या वादकांच्या मदतीनं पूर्ण झाली. वादन चोख आहे. सांक्तुस ऐकताना कुठे बोट ठेवायला जागा नाही. पण पहिल्या बाजूवर जे दार सतत उघडं राहिलं होतं ते इथे लावून घेतलेलं आहे.

हॅसिंजरच्या बाजूनंही बोललं पाहिजे, नाहीतर प्रकरण एकतर्फी होईल. त्याच्यावर कंपनीचा खर्च होता, तारीख होती, ‘अंडरग्राउंड’चा 172 हा आकडा डोळ्यांसमोर होता, आणि ज्यांच्या भरवशावर काम हाती घेतलं ती पोरं अर्ध्यात अडली होती. काम अर्धवट सोडणं हा पर्याय त्याला नव्हता. माझी तक्रार त्यानं माणसं आणली याबद्दल नाही. ती आणूनही पाटी तीच ठेवली, तिथे माझी अडचण सुरू होते.

पाटी ठेवता आली कारण ती त्याची होती. बँडच्या नावाचा हक्क हॅसिंजरकडे होता. आपल्याला हे समजायला परदेशात जावं लागत नाही. तमाशाचा फड मालकाच्या नावानं चालतो. ढोलकीवाला गेला, सोंगाड्या बदलला, नवी नाचणारी आली, तरी गावच्या जत्रेत पाटी तीच. पण फडात निदान सगळ्यांना माहीत असतं की पाटी मालकाची आहे. रॉक बँडचं नाव मात्र ऐकणाऱ्याला पाच ओळखीच्या चेहऱ्यांचं नाव वाटतं. प्रून्सच्या प्रकरणात गोंधळ आहे तो इथे: फडाचा कायदा, आणि दोस्तांच्या टोळीचा चेहरा.

चर्च कुठे होतं?

कुठेच नव्हतं. या प्रकरणात ना कुणी फादर, ना बिशप, ना कुणाची परवानगी. परवानगीचा प्रश्नच आला नाही, कारण ही मिस्सा वेदीसाठी केलेली नव्हती, दुकानासाठी होती.

तरी काळ पाहण्यासारखा आहे. 1903 मध्ये पोप दहावे पायस यांनी चर्चमध्ये पियानो आणि ढोल, झांजा यांसारख्या गोंगाटाच्या वाद्यांना मनाई केली होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 4 डिसेंबर 1963 रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज काढला. त्यात पाइप ऑर्गनला मानाचं पान राहिलं, पण इतर वाद्यांना योग्य अधिकाऱ्याच्या संमतीनं वाट मोकळी झाली, आणि लोकभाषेलाही. मार्च 1967 च्या सूचनापत्रात पुन्हा एक कुंपण: जी वाद्यं लोकांच्या समजुतीनुसार फक्त लौकिक संगीताची आहेत ती उपासनेत नकोत. आता इलेक्ट्रिक गिटार कुंपणाच्या आत की बाहेर? ज्यानं त्यानं आपापल्या चर्चमध्ये ठरवलं.

अमेरिकेत 29 नोव्हेंबर 1964 पासून मिस्सेत इंग्रजी शिरली. वसईत तीच मिस्सा मराठीत आली, गोव्यात कोकणीत. आमच्या घरची जुनी माणसं कीरिये लॅटिन समजून तोंडपाठ म्हणत, आणि पुढच्या पिढीनं ‘दया कर’ म्हणायला सुरुवात केली. म्हणजे 1968 उजाडताना जगभरातली चर्च लॅटिनला निरोप देत होती, आणि लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत लांब केसांची पोरं ‘क्रेडो इन उनुम देउम’ पाठ करत बसली होती. चर्चला ताजं व्हायचं होतं म्हणून ते लोकांच्या भाषेकडे निघालं. सायकेडेलिक संगीताला गूढ व्हायचं होतं म्हणून ते न कळणाऱ्या भाषेकडे आलं. दोघं एकमेकांना ओलांडून गेली.

ज्यांना खरंच मिस्सेत गायचं होतं

याच वर्षी, अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, अगदी वेगळी तबकडी निघाली. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये रीजिस हायस्कूल ही जेझुइटांची, म्हणजे येशूसंघी धर्मगुरूंची शाळा आहे. तिथल्या मुलांचा एक गट होता, नाव ‘द होली घोस्ट रिसेप्शन कमिटी नंबर 9’. पवित्र आत्मा स्वागत समिती, क्रमांक 9! गणेशोत्सवातल्या पावतीपुस्तकावर छापावं असं नाव. आधीच्या आठ समित्यांनी काय केलं हे विचारायचं नाही. 1968 मध्ये त्यांची ‘साँग्ज फॉर लिटर्जिकल वर्शिप’ आणि पुढच्या वर्षी ‘द टॉर्चबेअरर्स’ अशा दोन तबकड्या पॉलिस्ट प्रेसनं काढल्या. पॉलिस्ट प्रेस ही धार्मिक पुस्तकांची प्रकाशन संस्था, गाण्यांच्या बाजाराशी तिचा संबंध नाही. आज दुर्मिळ लोक-रॉक तबकड्या जमवणारे ज्यांच्यामागे धावतात त्यांत या दोन आहेत.

त्यांचं वादन कच्चं आहे. आवाज कुठे कुठे सुटतात, ड्रम शाळेच्या जिन्याखाली ठेवल्यासारखे वाजतात. पण वाद्यं आणि आवाज एकाच खोलीतले आहेत, आणि ते कळतं. शब्द इंग्रजी, गाणी त्यांच्या स्वतःच्या कुवतीची, सूर त्यांच्या गिटारला झेपतील असे. नावावर कुणाची मालकी सांगण्याची वेळ आली नाही, कारण नावाला बाजारात किंमत नव्हती. ज्या कारणानं ती दुर्मिळ झाली त्याच कारणानं ती अखंड राहिली: थोड्याच प्रती, थोडेच पैसे, घाई कुणालाच नाही.

मला यातून शाळकरी मुलांना मोठं आणि अ‍ॅक्सेलरॉडला छोटं करायचं नाही. कीरियेच्या पहिल्या मिनिटाइतकं उंच त्या मुलांचं काहीच जात नाही.

सांता मोनिका

तबकडी निघाली, आता ती लोकांसमोर वाजवायची. सांता मोनिका सिव्हिक ऑडिटोरियममध्ये बँड, सोबत तार वाद्यं, हॉर्न आणि गायकवृंद असा घाट घातला गेला. तालीम अपुरी. कागद कुणाचे कुणाकडे गेले, अ‍ॅम्प्लिफायरनं दगा दिला, आणि मिस्सा मध्येच विस्कटली. तो प्रयोग पुन्हा झाला नाही.

स्टुडिओत हाताखाली दुसरी माणसं घेऊन जे झाकता आलं होतं ते मंचावर झाकता येईना. मुद्रणात गाण्याचे तुकडे जोडता येतात, मंचावर सगळ्यांना एकाच वेळी एकच ओळ माहीत असावी लागते. आमच्या क्वायरमध्येही नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला, वीज गेली आणि कागद दिसेनासे झाले की कळायचं कोणाला गाणं येतं आणि कोणाला नुसतं वाचता येतं.

विक्रीचा हिशेब मात्र उलटाच लागला. ‘मास इन एफ मायनर’ 135 व्या क्रमांकापर्यंत गेली, म्हणजे ‘अंडरग्राउंड’च्या बरीच वर. 1969 च्या ‘ईझी रायडर’ चित्रपटात न्यू ऑर्लीन्सच्या प्रसंगात कीरिये वाजलं आणि ज्यांनी प्रून्सचं नावही ऐकलं नव्हतं अशा लाखो लोकांच्या कानांवर पडलं. मालकाच्या वहीत हा निर्णय बरोबर ठरला होता. तोवर मूळ बँड मात्र उरला नव्हता. 1968 मध्येच एकेक जण बाजूला झाला होता.

आपल्याकडचा आरसा

हे सगळं वाचताना मला सारखा गोव्यातल्या माजोर्ड्याचा अँथनी गोन्साल्विस आठवत राहतो. तोच, ज्याच्या नावानं लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी 1977 मध्ये पडद्यावर गाणं वाजवलं; प्यारेलाल त्याचे शिष्य. त्याचे वडील गावच्या चर्चमध्ये क्वायरमास्तर. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांत पोरांना अक्षरओळखीबरोबर सोल्फेज, म्हणजे लिहिलेले स्वर वाचून गाणं, शिकवायचे, हातात व्हायोलिन द्यायचे. मेस्तची, म्हणजे संगीतमास्तराची छडी खात शिकलेली ही पोरं पुढे मुंबईच्या फिल्मी स्टुडिओत आली आणि तिथे नेमकी अ‍ॅक्सेलरॉडच्या खोलीसारखी खोली होती, फक्त आरशातली. इथे संगीतकार कानाचा: तो पेटीवर किंवा गुणगुणून चाल सांगायचा. वाचणारे, लिहिणारे होते ते वादक आणि अरेंजर. सबॅस्टियन डिसोझासारखा माणूस ती चाल कागदावर उतरवायचा, बाजूनं हार्मनी लिहायचा, वीस-तीस जणांना वाटून द्यायचा. आणि पुढ्यात सतारवाला, ढोलकवाला असायचा ज्याला कागदाशी देणंघेणं नव्हतं. त्याला तोंडानं सांगायचं.

म्हणजे मध्ये दुभाषी होता. त्याचं नाव तबकडीवर सहसा नसायचं आणि त्यावर वेगळं रडगाणं गाता येईल, पण काम व्हायचं. गोन्साल्विसनं तर 1958 मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात मोठा वाद्यवृंद उभा करून राग आणि पाश्चात्त्य वाद्यमेळ एकत्र वाजवले. गाण्याला लता मंगेशकर आणि मन्ना डे. दोन विद्या एका मांडवाखाली आणायला काय लागतं ते त्याला घरातूनच माहीत होतं: भरपूर तालीम आणि दोन्ही भाषा येणारा एक तरी माणूस.

लॉस एंजेलिसच्या खोलीत असा माणूस नव्हता का? होता. मार्क टुलिन. बेस वाजवणारा, कागद वाचणारा, आणि बाकीच्या चौघांची बोटं कशी चालतात ते झोपेतही सांगू शकणारा. त्याला आठ-दहा दिवस आधी कागद देऊन एखाद्या गॅरेजमध्ये पोरांना एकेक ओळ ऐकवून बसवून घे म्हटलं असतं, तर तिथे स्टुडिओचं मीटर पडलं नसतं. सगळी रचना अर्धा स्वर खाली घेतली असती तर हॉर्नवाल्यांनी नाकं मुरडली असती, पण मोकळ्या तारा मिळाल्या असत्या. क्वायरमध्ये आम्ही हेच करतो. चार जणांना वाचता येत नाही म्हणून चार जण बदलत नाहीत. ज्याला येतं तो शनिवारी संध्याकाळी एक तास लवकर येतो.

माझ्या या सूचना साठ वर्षांनंतर, घरबसल्या आणि फुकटच्या आहेत, हे मला कळतं. शिवाय वेळ दिला असता तरी पोरांनी त्या मिस्सेत स्वतःचं मन घातलं असतं की नाही, हा प्रश्न राहतोच. पहिल्या बाजूच्या गिटारकडे कान लावला की मला वाटतं, घातलं असतं.

अ‍ॅक्सेलरॉडनं धडा घेतला, निदान अर्धा. त्याच 1968 सालात त्यानं कॅपिटॉलसाठी विल्यम ब्लेकच्या कवितांवरून ‘साँग ऑफ इनोसन्स’ केली. वाचणारे, सराईत वादक घेतले आणि वर स्वतःचं नाव घातलं. कुणाच्या चेहऱ्याआड लपायचं कारण उरलं नाही. तिचे तुकडे पुढे हिप-हॉपवाल्यांनी इतके उचलले की म्हातारपणी त्याला नवे चाहते मिळाले.

त्याच वर्षी त्याची आणखी एक रचना निघाली, ‘रिलीज ऑफ अ‍ॅन ओथ’. या वेळी आधार ज्यूंच्या कोल निद्रे या प्रार्थनेचा, दिलेल्या वचनांतून मोकळं करणारी ती प्रार्थना. बेसवर कॅरोल के, ड्रमवर अर्ल पामर, गिटारवर हॉवर्ड रॉबर्ट्स: शहरातले एकाहून एक सरस वाचणारे. मूळ बँडमधलं त्यात कुणी नव्हतं. वेष्टनावर नाव होतं, द इलेक्ट्रिक प्रून्स.